परमिट रूममधलं गाठोडं

जैनथ सोडून आदिलाबादकडं निघालं की या दिवसांत रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. म्हणजे लागत नाही, अडकतो. टेम्पो शिगोशीग भरून जातात, वरच्या ताडपत्रीतून कापूस बाहेर डोकावतो आणि बाभळी आपला वाटा काढून घेतात. दसरा सरला, सकाळचं धुकं पडायला लागलं आणि बाभळी पांढऱ्या दिसल्या की हंगाम आला म्हणायचं. यंदाही आला. आणि यंदा एक पन्नाशीचा मास्तर शाळा सुटल्यावर स्कूटर उभी करून काट्यांमधला कापूस वेचून उशीच्या खोळीत भरतो, हे जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिलं आहे. तो मास्तर मीच.

एकानं थांबून विचारलंसुद्धा, "काय हारपलं मास्तर?" मी म्हटलं, "काही नाही, पाठाचं साहित्य आहे." मास्तरकीचा हा एक फायदा. हातात काहीही घेऊन उभे राहा, पाठाचं साहित्य म्हटलं की लोक पुढं जातात. खरं कारण सांगायचं तर मागच्या हंगामात शिरावं लागेल, आणि मागचा हंगाम आठवला की मला कापसाच्या आधी धूर आठवतो.

मार्केट यार्डाच्या अलीकडं एक वाइनचं दुकान आहे आणि त्याच्या पाठीमागं परमिट रूम. बाटली पुढं घ्यायची, मागं येऊन बसायचं. लांबट खोली, वर सिमेंटचे पत्रे, सहा टेबलं आणि एक खिडकी, जी कुठल्याशा पावसाळ्यात फुगून बसली ती पुन्हा उघडली नाही. भिंतीवर तेलुगूत पाटी होती, "पोग त्रागरादु." धूम्रपान करू नये, एवढाच तिचा अर्थ. पण इतक्या वर्षांच्या धुरानं ती अशी तांबूस झाली होती की तेलुगू येणाऱ्यालाही लागत नसे. तिच्या वरच्या कडेवर थोटकं मात्र छान राहायची.

मी दारू पीत नाही. हे मी सांगतो तेव्हा लोक कौतुकानं पाहतात, मग मी परमिट रूममध्ये रोज जायचो हे कळलं की तितक्याच संशयानं पाहतात. गोष्ट अशी की मी सिगरेट ओढतो. दिवसाला दोन. आणि आमच्या शाळेच्या फाटकावर तंबाखूमुक्त शाळेचा जो फलक आहे, त्यावर जबाबदार शिक्षक म्हणून माझं नाव आहे, तेही माझ्याच अक्षरात. इतकी वर्षं शिकवल्यावर तालुक्यात धूर काढायला जागा उरत नाही. पानठेल्यावर माझा विद्यार्थी, ऑटोत माझा विद्यार्थी, बसमध्ये तिकीट फाडणारा माझा विद्यार्थी. जिथं जाईन तिथं "नमस्ते सर." परमिट रूममध्येही माझे विद्यार्थी यायचे, पण तिथं भेटलेला माणूस तिथं भेटला असं कुणी बाहेर बोलत नाही. त्यालाही घर असतं. म्हणून शाळा सुटली की मी तिथं जायचो, दोन सिगरेटी ओढायचो, कांतामावशीचं एक अंडं खायचो आणि सज्जन होऊन घरी जायचो.

कांतामावशी खोलीच्या कोपऱ्यात बसायची. कमरेएवढी भिंत, तिच्यामागं शेगडी, वर कढई. उकडलेली अंडी, आमलेट, फोडणीचे हरभरे, तळलेली मिरची. नात्यानं ती कुणाचीच मावशी नव्हती. आमच्याच वस्तीतली, लहानपणापासून लोकांच्या वावरात कापूस वेचत मोठी झालेली, नवरा गेल्यावर या कोपऱ्यात येऊन बसली आणि साऱ्या खोलीची मावशी झाली. तिचं बोलणं ऐकायला लोक यायचे. कुणी तिसऱ्यांदा बाटली मागवली, कुणी बायकोचा फोन कापला, की मावशी सुरू व्हायची. गावरान, ठसकेबाज, सात पिढ्यांचा समाचार घेणारं बोलणं. पण मागच्या हंगामापर्यंत तिचं बोलणं निम्म्यावर तुटायला लागलं होतं. "काहो, तुमच्या मायनं तुमाले..." इथवर यायची आणि खोकला. मग पाण्याचा गिलास, मग डोळे पुसणं, आणि पुढचं राहूनच जायचं. आपल्या मायनं आपल्याला काय, हे कुणालाच कळलं नाही. आम्हाला तेव्हा त्याचं बरं वाटायचं, हे आज लिहायला लाज वाटते. शिवी अर्धी झाली की माणूस सुटला असं आम्ही समजायचो.

एक दिवस ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या तरण्या डॉक्टरणीनं छातीचा फोटो पाहिला आणि तेलुगूत विचारलं, रोज किती बिड्या ओढता? मावशी दुखण्यानं खचली नव्हती ती या प्रश्नानं खचली. संध्याकाळी आम्हाला सांगत होती, "जिंदगीत एक बिडी नाई लावली तोंडाले. अन् ते पोरगी मले इचारते, किती ओढता. म्हटलं, मी नाई ओढत बाई, मायाकडचे अकरा जनं ओढतात." डॉक्टरणीनं सांगितलं होतं, एक तर धूर सोडा, नाही तर छाती सोडा. धूर सोडायचा म्हणजे कोपरा सोडायचा, आणि कोपरा सोडला तर खायचं काय? म्हणून मावशीनं दुसरा रस्ता काढला. कढईवर झाकण ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, "आजपासून इथं बिडी-सिगरेट बंद. ओढाची असन तर भायेर."

आणि वाद सुरू झाला. बाहेर थंडी पडलेली, यार्डासमोर टेम्पोंची रांग, दिव्याखाली कापसाचे तंतू तरंगताहेत, हवेत सरकीचा तेलकट वास, आणि आत आठ दिवस एकच विषय. एवढी चर्चा आमच्या शाळेच्या छपराबद्दल झाली असती तर ते गळायचं थांबलं असतं.

विरोधी पक्षाचे पुढारी वामनराव. रेव्हिन्यू खात्यातून रिटायर झालेले, बोलणं अजून निजामाच्या कचेरीतलं. ते म्हणाले, "हे दरखास्त तोंडी हाय. तोंडी दरखास्त नामंजूर." मावशी म्हणाली, लिहून देते. ते म्हणाले, लिहून दिली तर पंचनामा व्हावा, खोकला बिडीचा हाय का मिर्चीचा ते ठरावं. मावशीनं कढईत झारा आपटला. "मिर्चीचा ठसका मिर्ची उतरली का उतरते, वामनराव. तुमचा उतरत नाई." दुकानाचे सेठ दारात उभे राहून हिंदीत काळजी करायचे, "अम्मा, गिराइक सामनेवाले के पास चला गया तो आपका अंडा कौन खाएगा?" भीमपूरचा किसन, वांगी विकायला येणारा, मावशीच्या बाजूनं होता. फक्त तो बाजू घेतानाही बिडी ओढत होता. "मी बंदीच्या बाजूनं हाओ," म्हणायचा, "पन बंदी होईलोक तं ओढू द्या."

शेवटी मतदान घ्यायचं ठरलं, आणि शुद्धीत असलेला एकमेव माणूस म्हणून मला अध्यक्ष केलं. दोन गिलास ठेवले. बंदी हवी त्यानं एकात शेंगेचं फोलपट टाकायचं, नको त्यानं दुसऱ्यात थोटूक. मोजायला घेतलं तर बंदीच्या बाजूनं गिलास भरून वाहत होता. किसननं सारा वेळ शेंगा खाऊन फोलपटं त्यातच टाकली होती. वामनरावांनी निवडणूक रद्द ठरवली. मग हात वर करा म्हटलं, तर एका हातात गिलास, दुसऱ्यात बिडी, वर कोणता करायचा यावर अर्धा तास गेला. अखेर हात मोजले तर पाच आणि पाच. सेठ म्हणाले, आम्ही कुणाच्याच बाजूनं नाही. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मावशीही बघत होती. तिला वाटत होतं, मास्तर आहे, फलकावर नाव आहे, हा माणूस हात वर करणार. आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, इथं बंद झाली तर मी ओढू कुठं? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "हा प्रश्न कायद्याचा आहे. मी बघून सांगतो." वामनराव खूश झाले. "मास्तरनं तारीख दिली," म्हणाले. मावशी काहीतरी बोलायला गेली आणि खोकली. त्या दिवशी मी अंडं न खाता उठलो.

आता मधेच यार्डाच्या फाटकाचं सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. यार्डात कापसाचे डोंगर असतात, एक ठिणगी पुरे. म्हणून फाटकावर चौकीदाराजवळ तेलाचा पत्र्याचा डबा असतो. आत जाणारा प्रत्येक जण आपला बिडीचा कट्टा आणि माचिस त्या डब्यात टाकतो. कुणी सांगावं लागत नाही, कुणी वाद घालत नाही, कुणी दरखास्त मागत नाही. दिवसभर बिनधुराचे राहतात आणि बाहेर पडताना डब्यातून हाताला लागेल ते उचलतात. स्वतःचा कट्टा स्वतःला परत मिळाला असं कधी होत नाही, त्याचीही तक्रार नाही. आमच्याकडच्या माणसाला चालणं शिकवावं लागतं, बोलणं शिकवावं लागतं, पण कापसाजवळ बिडी विझवणं शिकवावं लागत नाही. बाप वावरात कापसाच्या ढिगाजवळ येताना बांधावरच बिडी चुरडतो, लेकरू ते बघतं, आणि पुढं त्याचाही हात तसाच चालतो.

मतदानानंतरचा रविवार होता, दुपारची वेळ. यार्ड बंद, त्यामुळं खोली भरलेली. धूर एवढा की वामनराव दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. मावशीची शेगडी विझलेली होती आणि मावशी जागेवर नव्हती. कुणी म्हणालं, रुसली. तेवढ्यात दारातून एक पांढरं गाठोडं आत आलं, त्याच्याखाली मावशी. भावाच्या वावरातला कापूस, जुन्या लुगड्यात बांधलेला. तिनं तो खोलीच्या मधोमध आणून टाकला, गाठ सोडली आणि त्याच्यावरच जाऊन बसली. गाठ सुटली की कापूस फुगतो. तो फुगला, टेबलांच्या पायांपर्यंत आला.

पुढचं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. किसननं बिडी चपलेच्या तळाला दाबली. वामनरावांनी पेटती सिगरेट स्वतःच्या भरल्या गिलासात बुडवली, आणि तो गिलास त्यांनी नुकताच भरला होता. कुणी थुंकीनं विझवली, कुणी मुठीत. मी मुठीत विझवली. डाग अजून तळहातावर आहे, पोरांना सांगतो खडूचा आहे. एका क्षणात खोलीत एक ठिणगी उरली नाही. धूर पत्र्यांकडं गेला आणि आम्ही अकरा जण एकमेकांना स्वच्छ दिसायला लागलो. दृश्य फार चांगलं नव्हतं.

मावशी गाठोड्यावर बसून आमच्याकडं बघत होती. "पाह्यलं?" म्हणाली. "कोनी सांगतलं तुमाले? कोनीच नाई. कापूस दिसला अन् हात आपसूक गेले." मग खोकला. आम्ही वाट पाहिली. "कापसाले आग लागन म्हून सारे इझवता. मी इथं बसून खोकलून राह्यली, तं मायासाठी मतदान घेता. मी काय कापसाहून सस्ती हाओ?" पुन्हा खोकला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "माया बापानं कापसापासी कधी बिडी नाई पेटवली. आमच्या पायन्यापासी, निजल्या लेकरापासी पेटवली."

वामनराव आपल्या गिलासातली भिजलेली सिगरेट बोटानं बाहेर काढत होते. ती टेबलावर ठेवून म्हणाले, "बात वाजिब हाय." रेव्हिन्यू खात्यात एवढ्या लवकर निकाल लागलेला मी पाहिला नाही.

गाठोडं हंगामभर तिथंच राहिलं. शेगडी मागच्या पडवीत गेली, दाराशी यार्डासारखा पत्र्याचा डबा आला. ज्याला ओढायची त्यानं बाहेर थंडीत उभं राहायचं. आणि मी? मला बाहेर उभं राहता येईना. रस्ता समोर, विद्यार्थी रस्त्यावर. एका सुटीच्या दिवशी मी हिंमत करून दूर वावरात गेलो. चहूबाजूला कापसाची उंच पऱ्हाटी, माणूस नाही, पाखरू नाही. सिगरेट ओठात धरली, काडी ओढली, आणि पऱ्हाटीतून एकेक डोकं वर आलं. अख्खी सातवी कापूस वेचायला आली होती. "नमस्ते सर." मी पेटत्या काडीकडं पाहिलं आणि म्हणालो, "मुलांनो, कापसाजवळ काडी पेटवायची नाही, का बरं?" साऱ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. तास चांगला झाला.

होळीच्या आधी मावशीच्या भावानं कापूस विकायला नेला. गाठोडं गेलं आणि आठवड्याभरात धूर परत आला. आधी एकानं, मग दोघांनी. आम्ही कुणी वाईट माणसं नव्हतो. समोर कापूस नव्हता, एवढंच. मीही त्यात होतो. उन्हाळ्यात मावशी दाराशी स्टूल टाकून बसायची, पावसाळ्यात तेही जमेना. श्रावणात तर बोलणंच सोडलं तिनं. नुसतं बघायची आणि अंडं पुढं करायची. निमूट मावशी बघवत नाही. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, मावशी वाचत नाही बहुतेक. बायको म्हणाली, "मंग तुमी काय करून राह्यले?" मी म्हटलं, वाट बघतो, कापसाची. ती माझ्याकडं बघतच राहिली.

कापूस आला, पण मावशीच्या भावानं यंदा सोयाबीन पेरलं होतं. विकत आणून द्यावा तर मावशी कुणाचं फुकट घेत नाही, आणि मला ते देण्याचं तोंडही नव्हतं. मागच्या वर्षी एक हात वर करायचा होता, तो झाला नाही. म्हणून बाभळी. बाभळींचा कापूस कुणाचाच नसतो. पंधरा दिवस वेचला तेव्हा कुठं एक खोळ भरली. त्यात कापूस निम्मा, काटे निम्मे. बोटं सोलून निघाली. लहानपणी आई वेचून आली की अशीच बोटं पाण्यात बुडवून बसायची, ते आठवलं.

खोळ घेऊन मी परमिट रूममध्ये गेलो. मनात भाषण तयार होतं. आत पाऊल टाकलं आणि भाषण विसरलो. मधोमध कापूस होता. अर्धं पोतं किसनचं. "टेम्पोतून सांडला होता, उचलून आनला," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. पोत्यावर त्याच्याच वावराची सुतळी होती. त्याच्या शेजारी एक फुलाफुलांची उशी, मधून उसवलेली. वामनराव म्हणाले, "घरी फाजील होती. बेकार पडली होती." नंतर कळलं, त्यांच्या घरच्या काकू महिनाभर त्यांना शोधून शोधून विचारत होत्या, माझी उशी कुठं गेली. आणि पलीकडं एक कोरं गाठोडं, ते कुणाचं ते कुणी सांगेना. सेठ गल्ल्यावर मान खाली घालून बसले होते. ज्यांना हात वर करता आला नव्हता त्यांनी, आणि हात वर करूनही बिडी न सोडणाऱ्या किसननं, कापूस आणला होता. मी माझी खोळ त्यात ठेवली. किसन तिच्यावर टेकला आणि लगेच उठला. काटे.

मावशी पडवीतून आली. ढिगाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "एवढा?" म्हणाली. "मी बसू कुठं?" आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसून परत गेली.

त्याला महिना झाला, तेव्हापासून आत धूर नाही. कालची गोष्ट. रस्त्यावर बाभळीमागं कुणी नाही असं बघून मी एक ओढली. एकच. तोंडात बडीशेप टाकून परमिट रूममध्ये आलो. मावशी अंडं सोलत होती. तिनं मान वर केली, नाक ओढलं आणि अंडं खाली ठेवलं.

"काहो मास्तर, लाज हाय का धुऊन प्याले, पोरायले फळ्यावर लिहून देता तंबाखू वाईट अन् सोता बाभळीमांगं कुत्र्यावानी लपता, वरतून बडीशेप खाऊन येता, मले काय नाक नाई, का तुमच्या बायकोले नाई, ते बिचारी भोईभाबडी म्हून गप बसते, मी काऊन बसू, डोक्शाचा कापूस झाला तरी अक्कल नाई आली, तुमच्या मायनं बोटं सोलून तुमाले शिकवलं ते का धूर काढाले, पुन्हा असा वास घिऊन दारात दिसले तं अंडं ठेवन मी अन् टरफल देईन तुमाले खाले."

मावशी थांबली. किसननं सवयीनं पाण्याचा गिलास तिच्याकडं सरकवला होता. वामनरावांचा हात मधेच राहिला होता. आम्ही सगळे खोकल्याची वाट पाहत होतो. खोकला आला नाही. मावशीनं गिलासाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि तिच्याही लक्षात आलं. कित्येक महिन्यांनी तिची शिवी शेवटापर्यंत गेली होती, आणि माझ्या मायनं मला काय, हेही मला कळलं होतं.

मी खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून दाराशी डब्यात टाकलं आणि येऊन तिच्यासमोर बसलो.

"बोल मावशे," मी म्हटलं. "अजून बोल."